खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी जुना ड्राय रॉक: ब्लीच, ॲसिड की नुसतं पाणी?

खारा_वारा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो. गोड्या पाण्यातले मासे बारा वर्षं पाळले, आता खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावतोय. ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची.

हा छंद सोडणाऱ्या एका गृहस्थांकडून ३० किलो ड्राय रॉक, म्हणजे टाकीत रचायचा वाळलेला दगड, स्वस्तात मिळाला. तीन वर्षं त्यांच्या गराजमध्ये खोक्यात पडून होता. मूळचा प्रवाळी दगड, छान सच्छिद्र आणि हलका. पण त्यावर वाळलेले स्पंज, किड्यांच्या पांढऱ्या नळ्या, मेलेल्या शिंपल्या, तपकिरी खरपुडी असं सगळं चिकटलेलं आहे. एक तुकडा बादलीत भिजवला. दुसऱ्या दिवशी आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना बायकोने त्या वासाचं वर्णन केलं, तर आई म्हणाली, "सुकट भिजवलंस काय?" अगदी तोच वास.

प्रश्न असे:
१. ब्लीच करू, ॲसिडमध्ये बुडवू, की खाऱ्या पाण्यात नुसता ठेवून देऊ?
२. ओव्हनमध्ये भाजला किंवा उकळला तर लवकर होईल का? प्रेशर वॉशरही आहे.
३. 'क्युरिंग' (दगड टाकीजोगा करणं) झालं हे ओळखायचं कसं?

बाथटब वापरायची परवानगी नाही. गराजमध्ये सध्या पाणी गोठेल अशी थंडी आहे.

---

चिंबोरी | १० फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सगळ्यात आधी प्रश्न २ चं उत्तर, कारण तेच तातडीचं आहे. उकळू नका. भाजू नका. प्रेशर वॉशर तर मुळीच नको.

जुन्या टाकीत झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे प्रवाळासारखे प्राणी असतील तर त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. अत्यंत जहाल विष. उष्णतेने ते सहज नष्ट होत नाही, पण वाफेबरोबर किंवा पाण्याच्या तुषारांबरोबर श्वासात जाऊ शकतं. दगड घरात उकळल्यामुळे अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कोरड्या दगडावर काय काय होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणजे होतं असंच धरून चाला. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि खरवडायचं ते दगड ओला ठेवून. आणि भाजण्याचा दुसरा धोका म्हणजे आतल्या पोकळीत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो.

बाकीचं संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

खारा_वारा | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३२

बाप रे. प्रेशर वॉशर शनिवारीच काढणार होतो. ताई, मनापासून आभार.

---

विटा_सिमेंट | १० फेब्रुवारी, दुपारी १२:०५

शीर्षक न वाचता आत आलो. नुसतं 'क्युरिंग' दिसलं म्हणून म्हटलं स्लॅबचा विषय असेल, दोन शब्द लिहू. इथे दगडाला अंघोळ चाललेली! :) बसतो आता, वाचतो.

---

प्रयोगवही | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे ब्लीच आणि ॲसिड यांबद्दल लिहायचा हक्क बजावतो.

दोन्हींचं काम वेगळं आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते सेंद्रिय पदार्थ जाळतं: वाळलेला स्पंज, मेलेले किडे, शेवाळ. दगडाला फारसा धक्का लावत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड खुद्द दगडच विरघळवतं. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुनखडीचा आणि शिंपल्यांचा भाऊ. ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि वरचा थर गेला. त्या थरात वर्षानुवर्षं साठलेलं फॉस्फेट आणि बुजलेली छिद्रं, दोन्हींचा निकाल लागतो.

पण हिशेब बघा. तिथे दुकानात मिळतं ते ॲसिड साधारण ३१ टक्क्यांचं असतं. त्याचं १ लिटर पूर्ण वापरलं गेलं तर सुमारे अर्धा किलो दगड विरघळतो आणि जवळपास १२० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद गराजमध्ये हे करायचं नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. साधारण दहा भाग पाण्याला एक भाग ॲसिड. फसफस थांबली की खाण्याचा सोडा टाकून उरलेलं ॲसिड मारायचं.

आणि हे मोठ्या अक्षरांत समजा: ब्लीच आणि ॲसिड एका भांड्यात, एका दिवशी, एका बादलीत कधीही नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. एक उपचार झाला की दगड धुऊन, पूर्ण वाळवून, मगच दुसरा.

---

नुसतं_पाणी | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी या सगळ्याच्या विरोधात आहे. माझ्या दोन टाक्या आहेत, दोन्हींतला दगड असाच वापरलेला होता. पिंपात खारं पाणी, आत पंप आणि हीटर, वर झाकण, आणि वाट बघणं. बस. पहिले दोन आठवडे वास येतो. दर आठवड्याला पाणी बदललं की दहा-बारा आठवड्यांत दगड तयार होतो. जिवाणू त्या मेलेल्या घाणीवरच वाढतात, म्हणजे क्युरिंग आणि सायकल एकदम होतं. ब्लीचने आधी सगळं मारायचं आणि मग बाटलीतले जिवाणू विकत आणायचे, हे मला पटत नाही.

---

चिंबोरी | १० फेब्रुवारी, रात्री १०:१०

सकाळचं राहिलेलं लिहिते. तीन गोष्टींची गल्लत होतेय.

सफाई म्हणजे दगडावरचं आणि दगडात अडकलेलं मेलेलं काढणं. क्युरिंग म्हणजे उरलंसुरलं पाण्यात कुजू देणं, आत मुरलेलं बाहेर येऊ देणं आणि ते पाणी फेकणं. सायकल म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या छिद्रांत वस्तीला येणं. नुसतं_पाणी म्हणतात तसं तिन्ही एका पिंपात होऊ शकतं. मात्र त्याला वेळ लागतो आणि कुजणं घरात सोसावं लागतं.

अगदी नवा, खाणीतून काढलेला दगड असेल तर धूळ धुऊन सरळ सायकलला घालता येतो, सफाई जवळजवळ नाहीच. खारा_वारा यांचा दगड तसला नाही. त्याला सुकटाचा वास आहे, म्हणजे मांस आहे. मी ब्लीचच्या बाजूने. पॅलिटॉक्सिनही ब्लीचने निकामी होतं, हा आणखी एक फायदा.

माझी पद्धत: आधी दगड ओला ठेवून ताठ ब्रशने मोठमोठं काढायचं. मग साध्या नळाच्या पाण्यात एकास दहा या प्रमाणात ब्लीच. ते बिनवासाचं आणि मुद्दाम घट्ट न केलेलं हवं, 'लॅव्हेंडर' वगैरे नको. पंप चालू ठेवून दोन दिवस. मग धुवायचं, पुन्हा पाण्यात ठेवायचं आणि क्लोरीन मारणारं औषध (सोडियम थायोसल्फेट) घालायचं. शेवटी उन्हात आठवडाभर कडकडीत वाळवायचं. नाकाला क्लोरीनचा वास अजिबात येता कामा नये.

---

आबोली७ | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

लहान तोंडी मोठा घास, पण माझ्याकडे आजीचं तांब्याचं मोठं घंगाळ आहे. असलं काही भिजवायला चालेल का? मीही पुण्यात छोटी टाकी करायच्या विचारात आहे.

---

चिंबोरी | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

@आबोली७, तांबं अजिबात नको! कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तांब्याचा अंशही मारक. कॅल्शियमचा दगड तांबं धरून ठेवतो आणि पुढे सोडत राहतो. प्लास्टिकचं खाद्यपदार्थांना चालणारं पिंप घ्या. घंगाळात फुलं सोडा, शोभेल.

आणि खारा_वारा, त्या गृहस्थांना एक विचारून घ्या: टाकीत माशांच्या रोगासाठी कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? हो म्हणाले तर तो दगड मासेच असलेल्या टाकीत वापरा, प्रवाळाच्या टाकीत नको.

---

सिंधुदुर्गी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

आबोलीताईंनी पुण्याचा विषय काढला म्हणून मुद्दाम लिहितो. माझं गाव मालवणजवळ. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाहुणा विचारतो, "किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत टाकायला घेऊन जाऊ का?"

नाही. २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मेलेला होता, किनाऱ्यावर पडलेला होता, याने सुटका होत नाही. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. आमच्याकडचे प्रवाळ गढूळ पाणी, उष्णतेच्या लाटा, होड्यांचे नांगर असं सगळं सोसत उभे आहेत. विजयदुर्गापासून साधारण १०० किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव. तिथले प्रवाळ पाहून आलेल्या पाणबुड्यांशी बोललो की त्यांचे डोळे अजून चमकतात. ते तिथेच राहू दे.

भारतात टाकी करणाऱ्यांनी सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला दगड घ्यावा.

---

आबोली७ | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

@सिंधुदुर्गी, हे खरंच माहीत नव्हतं. लग्नानंतर तारकर्लीहून आणलेला एक तुकडा शोकेसमध्ये आहे, त्याच्याकडे आज वेगळ्या नजरेने पाहिलं.

मग जांभा दगड चालेल का? माहेरी रत्नागिरीला ढीग आहे आणि छिद्रंही किती सुंदर.

---

प्रयोगवही | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

जांभा दिसायला तसाच, पण जातकुळी वेगळी. तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. खाणीतून निघताना मऊ, मग हवेवर कडक होतो हे तुम्ही पाहिलंच असेल. पाण्यात त्याची लाल माती सुटत राहील. आपला काळा दगड बेसाल्ट, तो पाण्यात निर्धोक पण भरीव आणि जड. जिवाणूंना राहायला आत खोल्याच नाहीत.

घरी परीक्षा करायची तर दगडावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसला तर कार्बोनेटचा.

---

विटा_सिमेंट | ११ फेब्रुवारी, रात्री ८:००

आता माझा विषय आला! वरचं वाचून हौशी लोक सिमेंटचा दगड कसा करतात ते पाहिलं. साधं पोर्टलँड सिमेंट, त्यात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा आणि जाडं खडेमीठ. मीठ नंतर पाण्यात विरघळतं आणि त्या जागी छिद्रं राहतात. कल्पना उत्तम आहे.

यालाही क्युरिंग लागतं, आमचं क्युरिंग. पहिले काही दिवस ओलं पोतं टाकून ठेवा, सुकू देऊ नका. सिमेंट पाण्याशी संयोग पावूनच घट्ट होतं, म्हणून तर स्लॅबवर आळी करून पाणी भरतो. आमच्याकडे ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. त्यानंतर मात्र तुमची अडचण सुरू होते: ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. मासा जगणार नाही. तेव्हा गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत बदलत काही आठवडे ठेवायचं. बदललेल्या पाण्याचा पीएच दोन-तीन दिवस साडेआठच्या आसपास टिकला तरच टाकीत. आणि या दगडाला ॲसिड दाखवू नका, जोड सुटतील.

---

दर्यावर्दी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

अवांतर: चुना सुटतो यावरून आठवलं. प्रवाळ वाढवणारे टाकीत उडालेल्या पाण्याच्या जागी 'काल्कवासर' घालतात. जर्मन शब्द, अर्थ चुन्याचं पाणी. म्हणजे आपली चुन्याची निवळी! कोहळ्याचा पेठा करताना फोडी जिच्यात ठेवतात तीच. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो, वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडायचं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात. दुबईत माझ्या टाकीवर सहा वर्षं हेच चाललंय. आमच्या गावी शिंपल्या भाजून चुना करायची भट्टी होती. आजोबांना हे सांगता आलं असतं तर किती खूश झाले असते.

(पानाचा चुना वापरू नका, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या.)

---

खारा_वारा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. त्या गृहस्थांना फोन केला: तांब्याचं औषध कधीच वापरलं नव्हतं. पण टाकी बंद करताना शेवटचं वर्ष हिरव्या शेवाळाने भरलेली होती, असं म्हणाले.

ठरवलेलं असं: ब्लीच नक्की. ॲसिडचं ठरत नाही. नुसतं_पाणी यांचा मुद्दाही डोक्यात आहे.

---

निवळशंख | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

"शेवटचं वर्ष हिरवं शेवाळ" यातच उत्तर आहे. तो दगड फॉस्फेटने भरलेला आहे.

थोडं समजून घ्या. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं की दगड शोषतो, कमी झालं की सोडतो. त्यामुळे पाणी बदललं की चाचणीत आकडा छान दिसतो आणि चार दिवसांनी पुन्हा तिथेच. लोक चाचणीच्या किटला दोष देतात. ब्लीचने हे जात नाही. उलट सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर त्यातलं फॉस्फेट मोकळं होतं, म्हणून ब्लीचचं पाणी जपून, पूर्ण फेकायचं.

नुसतं_पाणी यांच्या दगडात कदाचित फॉस्फेट कमी होतं. म्हणून त्यांना जमलं.

माझी सूचना: तीस किलो ॲसिडमध्ये घालायच्या आधी प्रयोग करा. ब्लीच झाल्यावर सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या. एकाला ॲसिड, एकाला नाही. दोघे वेगवेगळ्या बादल्यांत, सारखंच खारं पाणी. सात दिवसांनी फॉस्फेट मोजा. मग ठरवा.

---

नुसतं_पाणी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

निवळशंख यांचं म्हणणं मान्य. माझा दगड ज्यांच्याकडून आला त्यांची टाकी फार स्वच्छ होती. मात्र एक सांगतो: फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका. माझ्या मित्राने ॲसिड, मग फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी, सगळं केलं. टाकीत फॉस्फेट शून्य, नायट्रेट शून्य. आणि मग डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव आले. तपकिरी चिकट धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. गोगलगायी मेल्या. स्पर्धा करणारं दुसरं काही दगडावर नव्हतंच, त्यामुळे त्यांना रान मोकळं मिळालं. आठ महिने लढला बिचारा.

---

चिंबोरी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

+१. ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फॉस्फेट असेल तर सुखाने राहा.

ड्राय रॉकची खरी उणीव हीच. ऐप्टॅशिया, टोकदार खेकडे, मँटिस कोळंबी असले नको ते पाहुणे येत नाहीत हे चांगलं, पण हवे तेही येत नाहीत. तुम्ही अमेरिकेत आहात, तर फ्लोरिडात समुद्रतळावर ठेवून वाढवलेल्या दगडाचा एक किलोभर तुकडा विरजणासारखा शेवटी घाला. कोरलाइन शेवाळाचा जांभळा रंग आपोआप उगवत नाही, त्यालाही विरजण लागतंच.

---

आबोली७ | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

विरजण! आत्ता कुठे मला सगळं कळलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

गोटीसोडा | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ५:००

इतका सुंदर धागा वाचून लहानपणची तारापोरवाला मत्स्यालयाची सहल आठवली. १९५१ पासूनची ती मरीन ड्राइव्हवरची इमारत. काचेला नाक लावून उभा होतो, बाई शोधत होत्या. बस माझ्यासाठी थांबवली होती.

रच्याकने (जाता जाता) एक शंका. सायकल सुरू करायला अमोनिया लागतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर ना? कल्हईवाल्याचा? तो चालेल?

---

प्रयोगवही | १४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

@गोटीसोडा, वा! पदार्थ तोच. गरम पातेल्यावर टाकला की पांढरा धूर येतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. पण कल्हईच्या नवसागरात काय काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही, तेव्हा शुद्ध प्रतीचा घ्यावा.

२८० लिटर पाण्यात २ पीपीएम अमोनिया हवा तर सुमारे पावणेदोन ग्रॅम पुरतो. चिमूटभर. अंदाजाने चमचा टाकू नका. अमोनिया भलताच वाढला तर हवे असलेले जिवाणूच दबतात.

---

खारा_वारा | २२ मार्च, रात्री ९:४५

उशिराबद्दल क्षमस्व, पण सांगण्यासारखं काही घडायची वाट पाहत होतो.

ब्लीच दोन दिवस, पंप लावून. पहिल्या तासात पाणी चहासारखं झालं, म्हणून ते फेकून दुसरं ब्लीच केलं. दुसऱ्या खेपेला दगड पांढरा पडला. मग थायोसल्फेट, मग वाळवण. इथे उन्हाची वानवा, त्यामुळे तळघरात पंखा लावून दहा दिवस.

निवळशंख यांचा प्रयोग केला. ॲसिड बाहेर अंगणात, हातमोजे, चष्मा, बाजूला सोड्याची पिशवी. सात दिवसांनी: ॲसिडचा तुकडा ०.४, बिनॲसिडचा १.२ पीपीएम. फरक आहे, पण ॲसिडवालाही स्वच्छ नाही! म्हणजे फॉस्फेट आतपर्यंत मुरलेलं. तेव्हा सगळ्या दगडाला ॲसिड करणं मला पटेना. आता १२० लिटरच्या पिंपात खारं पाणी, २६ अंश, पंप, वर झाकण, अंधार. पुढे काय?

---

निवळशंख | २३ मार्च, सकाळी ६:१०

प्रयोग नीट केलात, त्यामुळे आता अंदाजावर काही नाही.

पिंपात लँथनम क्लोराइड वापरा. ते फॉस्फेटला पकडून न विरघळणारी पांढरी भुकटी करतं. अगदी थोडं, पातळ करून, थेंबथेंब. पाणी दुधाळ होईल, ते बारीक फिल्टरच्या पिशवीतून फिरवा आणि पिशवी रोज धुवा. मासे असलेल्या टाकीत हे करायला मी सांगणार नाही, भुकटी कल्ल्यांत जाते. पिंपात कोणीच नाही, हीच वेळ. आकडा खाली आला की थांबा, तीन-चार दिवस दगडाला पुन्हा सोडू द्या, पुन्हा मोजा. दगड दमला की आकडा चढायचा थांबतो.

---

विटा_सिमेंट | २३ मार्च, दुपारी १२:४०

इतक्या निगुतीने आमचा ठेकेदार स्लॅबला पाणी मारील तर इमारती शंभर वर्षं उभ्या राहतील. :)

---

खारा_वारा | ३ मे, रात्री १०:२०

आकडे लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

लँथनमच्या चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी फॉस्फेट ०.१ च्या खाली आणायचो, आणि ते पुन्हा चढून स्थिरावायचं. पहिल्यांदा ०.७ वर, मग ०.४, मग ०.१८. चौथ्या फेरीनंतर आठ दिवस ०.०८ वर थांबलंय. मधे दोनदा अख्खं पाणी बदललं. वास गेलाय. झाकण उघडून नाक आत घातलं तर पावसानंतर खाडीकाठी येतो तसा वास, सुकटाचा नाही. बायकोनेही वास घेऊन मान डोलावली.

काल दगड टाकीत रचला. मागे भिंत न करता दोन टेकड्या आणि मधे खिंड, म्हणजे पाणी सगळीकडून फिरेल. दगड थेट काचेच्या तळावर टेकवून मग वाळू घातली, कोणी खणलं तर कोसळायला नको. क्षारता ३५, तापमान २६. पावणेदोन ग्रॅम शुद्ध नवसागर मोजून घातला. फ्लोरिडाचा एक किलोचा तुकडा शुक्रवारी येतोय.

आईने व्हिडिओवर टाकी पाहिली. तिचा एकच प्रश्न: "एवढं सगळं करून मासा कुठाय?"

---

चिंबोरी | ४ मे, सकाळी ७:५५

आईंना सांगा, घर बांधून झालंय, वास्तुशांत व्हायची आहे. :)

२ पीपीएम अमोनिया आणि त्यामागून येणारं नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की मग. तोवर दिवे बंदच ठेवा. पुढे डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ, येतील, दोन-चार आठवडे सगळं मळकट दिसेल. तेव्हा घाबरून दगड पुन्हा बाहेर काढू नका. मी पहिल्या टाकीला तेच केलं होतं आणि तीन महिने मागे गेले.

---

खारा_वारा | २९ मे, रात्री ९:१०

काल आणि आज, दोन्ही दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. डायटम आले, बरोबर तुम्ही म्हणालात तसे. फ्लोरिडाच्या तुकड्याशेजारच्या दगडावर नखाएवढा जांभळा ठिपका दिसतोय. बॅटरी लावून तीनदा पाहिला.

पहिला जीव कोणता आणू?

---

निवळशंख | ३० मे, सकाळी ६:०५

पाच-सहा ट्रोकस गोगलगायी. आधी त्यांना तपकिरी कुरण चरू दे. आईंचा मासा त्यानंतर दोन आठवड्यांनी, नारिंगी क्लाउनफिशची जोडी, प्रजननकेंद्रात वाढवलेली. आणि त्या जांभळ्या ठिपक्याचा फोटो टाका.